कोटेशनवर नसलेली ओळ

शोरूमच्या काचेच्या टेबलावर कोटेशनचा एक कागद पडला होता आणि त्यावर एक जाड, भेगाळलेला अंगठा ओळीओळीनं खाली सरकत होता. पांढरी टोपी, इस्त्रीचा नेहरू शर्ट, पायात नव्या कोऱ्या चपला. बाजूला मुलगा आणि सून. मागे फिरत्या लाइटाखाली ती सात सीटची उंच गाडी, बोनेटवर लाल रिबन. एसीच्या गारव्यात नव्या रबराचा आणि फोमचा वास. म्हाताऱ्यांनी कागद दोनदा खालपर्यंत वाचला आणि मान वर करून विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय देती?" सेल्समन पोरगा चांगला होता, बोलण्यात अदब होती. तो म्हणाला, "बाबा, ही गाडी घेणारं कस्टमर अ‍ॅव्हरेज विचारत नाही." मुलगा ओशाळून हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला आणि म्हणाले, "पर हितं कुटंतरी लिहिलं आसंल की."

कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तो कागद ज्यानं कधी नीट वाचलाय त्याला माहीत असेल, त्यावर काय काय असतं. सगळ्यात वर एक्स-शोरूम किंमत. तिच्या पोटातच जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे दोनच मुख्य खाने राहिलेत: गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत, तर १८ टक्के. त्याच्या बाहेर गेली की ४० टक्के. बॅटरीवरची असेल तर ५. त्याखाली आरटीओची ओळ. महाराष्ट्रात हा कर किमतीवर ठरतो: पेट्रोलला ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५, आणि गाडी कितीही महाग असली तरी ३० लाखांच्या वर जात नाही. मग विमा, दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस (विक्रेत्यानं जागेवरच कापून घ्यायचा प्राप्तिकर), फास्टॅग, वाढीव वॉरंटी, मॅट आणि मडफ्लॅपचं पॅकेज. म्हणजे गाडीची लांबी मोजली, इंजिनाचं पोट मोजलं, किंमत मोजली, टाकीत काय पडणार तेही विचारलं. ती पिते किती, एवढं सोडून सगळ्याचा हिशेब कागदावर आहे. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी ही करआकारणी आहे.

आणि करानं काही होत नाही, असं कुणी म्हणू नये. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आकारच करानं घडवलाय. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि तेव्हापासून कारखान्यातले इंजिनिअर टेप घेऊन गाडीच्या मागच्या टोकाशी उभे राहिले. २००८ साली टाटा इंडिगोची डिकी कापून 'इंडिगो सीएस' आली. २०१२ ला मारुती डिझायरची शेपूट छाटली गेली आणि लांबी झाली ३९९५ मिलिमीटर. आज छोट्या सेडानचं किंवा छोट्या एसयूव्हीचं माहितीपत्रक उघडा, लांबीच्या रकान्यात बहुधा ३९९५ किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसेल आणि इंजिनाच्या रकान्यात पुष्कळदा ११९७ नाहीतर ११९९. डिकीत दोन मोठ्या बॅगा आडव्या बसत नाहीत त्याचं कारण दिल्लीच्या कर-तक्त्यात आहे. मोठ्या गाड्यांचंही तेच. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिनाभरात महिंद्रानं स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन काढलं. बंदीच्या रेषेच्या अगदी कडेला, पण आत. त्या गाडीच्या धुरात किंवा डिझेलच्या खपात कितीसा फरक पडला असेल? पण रेषा पाळली गेली.

सरकारनं जे मोजलं, ते कारखान्यानं कापून दिलं.

मग लिटरच का मोजले नाहीत, हा प्रश्न त्या अंगठ्यामागून येतो. एकाच लांबीच्या, दीड लिटर पेट्रोल इंजिनाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा. एक स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेली, चाचणीत लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा मिळवलेली. दुसरी साधी, तिचा आकडा १७ च्या आसपास. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरवल्या तर दोघींच्या पेट्रोलमध्ये साडेतीनशे लिटरच्या आसपास फरक. जुन्या पद्धतीत हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के होते आणि दुसरीवर ४५. दोन टक्क्यांची का होईना, पण शाबासकी होती. आता दोघी चार मीटरच्या वर म्हणून दोघींना ४० टक्के. दोघींच्या किमती उतरल्या ही गोष्ट चांगलीच. पण जिनं महागडी बॅटरी, दोन मोटरी आणि वेगळा गिअरबॉक्स घालून पेट्रोल वाचवलं, तिच्या पदरात करापुरतं काहीच पडलं नाही. उलट ती मुळात महाग, म्हणून किमतीवर लागणारा आरटीओ कर तिलाच जास्त बसतो. ही गोष्ट मनाला फार लागते.

आपल्याकडची एक सवय इथं आड येते. आपण अ‍ॅव्हरेज विचारतो, म्हणजे लिटरला किलोमीटर. हा आकडा बोलायला सोपा, पण डोळ्यांत धूळ टाकणारा. आठवरून दहावर आलेली गाडी आणि वीसवरून पंचवीसवर आलेली गाडी, यात कुणी जास्त वाचवलं? ऐकायला दुसरी. कागदावर मांडा: दहा हजार किलोमीटरला आठचं अ‍ॅव्हरेज म्हणजे १२५० लिटर, दहाचं म्हणजे १०००. वाचले २५०. विसाचं म्हणजे ५००, पंचविसाचं ४००. वाचले फक्त १००. खरं पेट्रोल वाचतं ते तळाच्या गाड्या वर आणण्यात. युरोपात बहुतेक देशांत शंभर किलोमीटरला किती लिटर, असं उलटं मोजतात. आपल्या एसटीच्या डेपोतही हिशेब नुसता 'लिटरला किती' असा नसतो. तिथं केपीटीएल चालतो, दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. दहानं गुणल्यामुळे ड्रायव्हरा-ड्रायव्हरातला पाव किलोमीटरचा फरकसुद्धा डोळ्यात भरतो. फरक डोळ्यात भरेल असं मोजावं, ही एसटीला कळलेली गोष्ट शोरूमच्या कागदापर्यंत पोचलेली नाही.

पेट्रोल जातं कुठं, हेही जवळून बघण्यासारखं आहे. पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला पन्नासच्या वेगानं आलेली गाडी थांबते. एक टनाची गाडी असेल तर त्या वेगात तिच्या अंगात साधारण ९६ किलोज्यूल ऊर्जा असते, सव्वादोन टनांची असेल तर दोनशेच्या वर. ब्रेक दाबला की ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. हिरवा लागला की ती पुन्हा पेट्रोलमधून आणायची. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात, पण गर्दीत इंजिन त्यातले पाचातला एक भागच कसाबसा चाकापर्यंत पोचवतं. म्हणजे एका सिग्नलला लहान गाडी पंधराएक मिलिलिटर सांडते आणि ती उंच गाडी तेहतीस-चौतीस. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन टोपणं. कर्वे रोडवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं दहा वेळा झालं की उंच गाडीचं पाव लिटरच्या वर गेलं, आणि गाडीत बहुतेक वेळा माणूस एकच. हायब्रिड ब्रेकच्या वेळी यातला बराच भाग बॅटरीत परत घेते, म्हणून ती शहरात चमकते. मोकळ्या रस्त्यावर हिशेब बदलतो. तिथं वजनापेक्षा हवा आडवी येते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. समृद्धीवर ८० ऐवजी १२० नं गेलं की तो सव्वादोन पट. उंच, चौकोनी तोंडाची गाडी तिथं भिंत ढकलत चाललेली असते.

हे सगळं मोजायचं कसं, आकडा खरा कशावरून, असा आक्षेप नेहमी येतो. मोजणारी जागा पुण्यातच आहे. एआरएआयच्या टेकडीवर पहाटे हजारो माणसं फिरायला जातात. एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था, आणि माहितीपत्रकातला मायलेजचा आकडा येतो तो तिच्या किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या संस्थेच्या चाचणीतून. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद, आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे १९ मिनिटं ४० सेकंद चालवतात. कमाल वेग ९०. पेट्रोल मापात घालून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून आलेला धूर पिशव्यांमध्ये साठवतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून इंधन किती जळलं ते काढतात. म्हणजे प्रत्येक मॉडेलचा लिटरचा आणि कार्बनचा आकडा सरकारदरबारी आधीच आहे, नवीन काही उभारायचं नाही. रस्त्यावर तो आकडा मिळत नाही हे खरं. वीस-पंचवीस टक्के कमी मिळणं नेहमीचंच, आणि उन्हाळ्यात एसी लावून गर्दीत त्याहूनही कमी. पण सगळ्या गाड्या तशाच रोलरवर, त्याच आलेखावर धावलेल्या असतात, त्यामुळे कोण जास्त पितं हा क्रम बराचसा खरा निघतो. कर लावायला क्रम पुरतो.

ज्याला स्वतःच्या गाडीचा खरा आकडा हवाय त्यानं डॅशबोर्डवर विसंबू नये, तो बहुधा थोडा गोड बोलतो. टाकी ते टाकी मोजावं. पंपावर "झिरो बघा" म्हणतात तेव्हा झिरो बघावा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबावं, ट्रिप मीटर शून्य करावा. निदान तीन-चारशे किलोमीटर फिरवून त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावं आणि बिलावरचे लिटर दोन दशांशांपर्यंत लिहून ठेवावेत. ४१२ किलोमीटरला २६.३८ लिटर लागले तर अ‍ॅव्हरेज १५.६, आणि शंभर किलोमीटरला ६.४ लिटर. इथं चुकतं ते हट्टानं गळ्यापर्यंत भरण्यानं. प्रत्येक वेळी 'गळा' वेगळा असतो, आणि टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होतो तो वेगळाच. टायर मूळ मापापेक्षा मोठे घातले असतील तर किलोमीटरच कमी दिसतात आणि अ‍ॅव्हरेज उगाच पडलेलं वाटतं. एका भरण्यावर निकाल देऊ नये. चार-पाच वेळचे किलोमीटर आणि लिटर वेगवेगळे बेरजेला घेऊन मग भागावं.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. कारखान्यांसाठी सरासरीचा नियम, ज्याला कॅफे म्हणतात, तो १ एप्रिल २०१७ पासून लागू आहे: आधी किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मग २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम. शंभर किलोमीटरला पावणेपाच लिटरच्या आसपास. चुकलं तर दंडही जबर. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे शंभर किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत चूक असेल तर प्रत्येक गाडीमागे २५ हजार, त्याहून जास्त असेल तर ५० हजार. पण यात दोन फटी आहेत. एक, मर्यादा वजनाला बांधलेली आहे. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन १०० किलोनं वाढलं की ०.२ लिटरची सूट वाढते. जड गाडीला जास्त प्यायची परवानगी. दुसरी, सगळा हिशेब कंपनीच्या सरासरीचा. एक कंपनी हजारो लहान गाड्या आणि थोड्या बॅटरीवरच्या गाड्या विकून सरासरी राखते आणि तिची दांडगी गाडी तिच्याच पदराखाली निघून जाते. घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

पेट्रोलवर एवढा कर आहेच, जो जास्त जाळेल तो जास्त भरेल, मग वेगळा कर कशाला, हे म्हणणं वरवर बिनतोड वाटतं. लिटरच्या दरात एक तृतीयांशाहून जास्त भाग कर आहे, आणि फार फिरणाऱ्याला तो बरोबर गाठतो. गाडी घेतानाचा कर ते करू शकत नाही. पण पेट्रोलचा कर स्कूटरवर दूध घालणाऱ्यालाही तेवढाच बसतो. आणि मुख्य म्हणजे, गाडी निवडणारा एक आणि तिचं पेट्रोल भरणारा दुसरा. शहरात नवी घेतलेली मोठी गाडी पाच-सहा वर्षांत निघते. तिथून ती तालुक्याला जाते, मग गावात. पंधरा वर्षांच्या आयुष्यातली उरलेली वर्षं ती ज्याच्या दारात उभी असते त्यानं ती निवडलेली नसते, त्याला स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली असते. टाकी फुल करायची ऐपत नाही म्हणून तो पाचशेचं टाकत राहतो. पहिल्या मालकाच्या त्या अर्ध्या तासाच्या निर्णयाची किंमत हा माणूस दहा वर्षं फेडतो, आणि ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणारा देशही. म्हणून त्या अर्ध्या तासाला, त्या टेबलावर, त्या कागदावर आकडा दिसायला हवा.

बाहेरच्या देशांनी हे करून पाहिलंय आणि त्यांच्या चुका आपल्याला फुकट शिकता येतील. अमेरिकेनं १९७८ च्या कायद्यानं गॅलनला २२.५ मैलांच्या खाली, म्हणजे आपल्या लिटरला साडेनऊ किलोमीटरच्या खाली जाणाऱ्या मोटारींवर कर बसवला. आज तो १००० ते ७७०० डॉलर आहे आणि १९९१ नंतर त्यात बदल नाही, म्हणजे महागाईनं तो खाल्ला. त्याहून मोठी चूक अशी की 'हलके ट्रक' त्यातून वगळले. तेव्हा ते शेतकऱ्याचं आणि सुताराचं वाहन होतं. पुढे एसयूव्ही त्याच व्याख्येत बसल्या आणि सगळ्यात जास्त पिणारी गाडीच करमुक्त झाली. आयर्लंडनं २००८ मध्ये वाहनकर कार्बनवर नेला आणि काही वर्षांत नव्या गाड्यांत डिझेलचं पारडं जड झालं. कार्बन कमी, पण शहराच्या हवेत डिझेलचं विष जास्त. न्यूझीलंडनं एप्रिल २०२२ पासून जास्त कार्बनच्या गाड्यांवर शुल्क आणि कमी कार्बनच्या गाड्यांना परतावा दिला. शेतकरी त्याआधीच ट्रॅक्टर आणि पिकअप घेऊन शहरांत उतरले होते, आणि सरकार बदलल्यावर डिसेंबर २०२३ अखेर ती योजना गुंडाळली गेली. फ्रान्सनं मात्र चिकाटी धरली. २००८ ला किलोमीटरला १६० ग्रॅम कार्बनच्या वर दंड, तोही जास्तीत जास्त २६०० युरो. कमी कार्बनच्या गाड्या इतक्या खपल्या की परताव्यापायी पहिल्याच वर्षी तिजोरीला खार लागला. मग त्यांनी वरचेवर रेषा खाली ओढली. २०२५ मध्ये ती ११३ ग्रॅमवर होती आणि कमाल दंड ७० हजार युरो. तीन किंवा जास्त मुलांच्या कुटुंबाला सूट. रेषा हलती ठेवली म्हणून ती टिकली.

वडापवाल्यांचं काय, हा प्रश्न मात्र झटकून टाकता येत नाही. सातारा-सांगलीकडे जीपमध्ये बारा माणसं बसवून नेणारा लिटरला बारा किलोमीटर काढत असेल, पण माणशी धरलं तर ते १४४ होतं. एकटा माणूस नेणारी ४५ ची स्कूटर त्याच्यापुढे काहीच नाही. साडेचार-पाचचं अ‍ॅव्हरेज देणारी भरलेली एसटी या दोघांनाही मागे टाकते. तेव्हा पिवळ्या पाटीच्या गाडीला, रुग्णवाहिकेला, शाळेच्या व्हॅनला सीटप्रमाणे मोजावं, पांढऱ्या पाटीला गाडीप्रमाणे. आणि खाने नकोत. खाना आला की ३९९५ आला. सरळ रेषा हवी: समजा शंभर किलोमीटरला ५ लिटर ही रेषा आणि तिच्या वर प्रत्येक दशांश लिटरला तीन हजार रुपये. दहा लिटर पिणारीला दीड लाख जास्त. साडेतीन लिटर पिणारीला ४५ हजार परत, याच पैशातून. डिझेलचा लिटर जाळला की पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त कार्बन निघतो, म्हणून त्याचे लिटर आधी पेट्रोलच्या हिशेबात बदलून घ्यावेत, म्हणजे डिझेलला उगाच सूट मिळणार नाही. आणि दरवर्षी रेषा एक-दोन दशांशांनी खाली, आधी जाहीर करून. तीन हजारांऐवजी दोन धरा, पाच धरा, त्यावर वाद घालता येईल. पण अशी रेषा असली की इंजिनिअर डिकी कापायचं सोडून प्रत्येक दशांशामागे लागेल, कारण प्रत्येक दशांशाला किंमत असेल.

त्या टेबलावर बाबांनी शेवटी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. सेल्समनचा बॉलपेन मागून घेतला आणि मोठ्या, सुट्या आकड्यांत लिहिलं: वर्साला १५ हजार. त्याखाली, "धाचं धरू." त्याखाली १५००. मग शंभरानं गुणून दीड लाख, आणि पुढे एक रेघ ओढून १५ वर्षं. मुलगा "बाबा, राहू द्या ना" म्हणत होता. सेल्समन टेबलाच्या त्या बाजूनं उलटे आकडे वाचत होता. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग खुर्ची जवळ ओढून बसला, पेन हातात घेतला आणि १५०० च्या शेजारी कोपऱ्यात उभ्या असलेल्या हायब्रिडचा आकडा मांडायला लागला. वीसचं धरून, ७५० लिटर. रेषा मारली, वजाबाकी केली. बाबांनी ती पुन्हा स्वतः करून पाहिली, ओठ हलवत. त्यांनी कुठली गाडी घेतली ते कळलं नाही. जाताना कागदाची चौघडी शर्टाच्या खिशात गेली, पेननं लिहिलेली बाजू वर ठेवून.